निजण्याची जागा



विषयाचे नाव वाचून काही मंडळी हसली असतील. बोनस, महागाई भत्ता, कंत्राटी कामगार हे आमचे नेहमीचे विषय. निजण्याची खोली शांत आणि आरामशीर कशी करावी, हा विषय घर सजविणाऱ्यांचा. आणि त्यांच्यापाशी त्याची उत्तरेही तयार असतात. भिंतींना फिका रंग द्या, खिडकीला जाड पडदा लावा, पलंग दारापासून दूर घ्या, निजण्याच्या खोलीत टीव्ही ठेवू नका. ही उत्तरे खोटी नाहीत. त्यांतली बरीचशी आम्हांला मान्य आहेत आणि पुढे आम्हीही तीच सांगणार आहोत. पण ती देणारा माणूस तीन गोष्टी न बोलता गृहीत धरतो. निजण्यासाठी वेगळी खोली आहे, ती रात्री रिकामी आहे, आणि निजणारा माणूस रात्री घरी आहे. आम्ही ज्यांच्यात वावरतो त्यांच्या घरी या तिहींपैकी एक जरी खरी निघाली, तरी ते घर सुखी समजावे.

मुंबईपासून सुरुवात करू. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवला तिची चाके फिरू लागली. मग कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. गिरणीने त्यांना काम दिले. अंग टाकायला जागा दिली असे फारसे कोठे झाले नाही. तरी आरंभीच्या काळात एक उपकार सूर्यनारायण करीत असे. तो मावळला की दिसेनासे होई आणि साचा थांबवावा लागे. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तो उपकारही संपला. कामाचा दिवस तेरा-चौदा तासांवर गेला. विजेच्या दिव्याने जगाचे कल्याण केले हे आम्हांला नाकारायचे नाही, पण त्या दिव्याने पहिली चोरी केली ती कामगाराच्या झोपेची.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यापुढचे आकडे आम्ही लोक पाठ करतो. १९११ च्या कायद्याने गिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांचा ठरला, १९२२ साली तो अकरा झाला, १९३४ साली दहा, आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने नऊ तास व आठवड्याला ४८. हे आकडे नेहमी कामाचे म्हणून वाचले जातात. ते उलटे वाचा. चोवीसातून बारा गेले, जाण्यायेण्याचे दोन गेले, पाण्याच्या रांगेचा आणि जेवणाचा वेळ गेला, मग उरते ती झोप. आमच्या मते प्रत्येक कायद्याने कामगाराच्या निजण्याच्या खोलीला एकेक खण जोडून दिला आहे.

आता खरी खोली पाहा. गिरणगावात एकेका गावाच्या मंडळींनी मिळून एक गाळा घ्यायचा, ही जुनी रीत. त्याला गावकीची खोली म्हणत. दहा बाय बाराच्या जागेत पंधरा-वीस माणसांची नावे असत, कोठे त्याहूनही जास्त. भिंतीला ट्रंका, खुंटीला कपडे आणि प्रत्येकाची एक वळकटी. एवढी माणसे तेथे मावत कशी? मावत नसतच. ती पाळीपाळीने मावत. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला. एकाची वळकटी गुंडाळली की त्याच जागी दुसऱ्याची पसरायची. जमीन गार व्हायला सवड नसे. जे उरत ते गॅलरीत, जिन्याच्या वळणावर, गच्चीवर, नाहीतर खाली फूटपाथवर. पाऊस लागला की गच्ची आणि फूटपाथ दोन्ही गेले आणि चार महिने तीच माणसे आतल्या आत एकमेकांच्या कुशीत.

गोव्याच्या खलाशांनी आणि आचाऱ्यांनी मुंबईत धोबीतलावच्या बाजूला 'कूड' काढले, तेही असेच, गावागावाचे. तेथेही ट्रंका भिंतीशी लावलेल्या, मध्ये चटयांची जागा, एका टोकाला देव्हारा आणि संध्याकाळची प्रार्थना सर्वांनी मिळून. बोटीवर जाणारा माणूस ट्रंक ठेवून जाई. परत आला की त्याची ट्रंक जेथे, तेथे त्याचे घर.

या खोल्यांना कोणी रचना म्हणणार नाही, पण रचना होती. रात्रपाळी करून आलेल्याला आतला कोपरा, दारापासून आणि मोरीपासून दूर. त्याच्या अंगावरून ओलांडून जायचे नाही. दिवसा कोणी आजारी पडला तर जागेची अदलाबदल करायची. कोणी कागदावर लिहिलेले नव्हते. घरसजावटीच्या पुस्तकात पलंग दारापासून दूर घ्या असे जे लिहिले आहे, ते आमच्या माणसांनी पलंग नसताना शोधून काढले होते.

डॉक्टर आंबेडकरांच्या चरित्रातला एक प्रसंग आपण वाचला असेल. परळच्या चाळीत त्यांच्या वडिलांची एकच खोली. त्यात माणसे, भांडी, सरपण, धूर सगळे एकत्र. मुलाने अभ्यास करायचा कोठे आणि कधी? रामजी सुभेदारांनी युक्ती काढली. भीमरावांनी लवकर निजायचे आणि आपण दोन वाजेपर्यंत जागायचे. दोन वाजता मुलाला उठवायचे आणि मग आपण आडवे व्हायचे. चिमणी नसलेल्या मिणमिणत्या दिव्याखाली मुलगा पहाटेपर्यंत वाचीत बसे. लोक या गोष्टीतून अभ्यासाचा धडा घेतात, तो घ्यावाच. आम्हांला त्यात एका बापाने स्वतःच्या झोपेची केलेली वाटणी दिसते.

पुढे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतर वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे चाळी उठविल्या. मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, नळ-संडास सामाईक. या खोल्यांत पिढ्या वाढल्या. दिवसा ती बैठकीची खोली, दुपारी शिवणाचा वर्ग, संध्याकाळी अभ्यासिका, रात्री शयनगृह. लग्न झालेल्या जोडप्यासाठी दोरीवर एक लुगडे टाकले की दोन खोल्या झाल्या. पुरुष मंडळी गॅलरीत निजत ती केवळ उकाड्यामुळे नव्हे. ते न बोलता दिलेले सौजन्य होते आणि सर्वांना ते कळत असे.

यात एका माणसाच्या झोपेचा हिशेब कोणीच ठेवला नाही. घरातली बाई. नवरा रात्रपाळीला, मुलगा दिवसपाळीला, धाकट्यांची शाळा सकाळची. नळाला पाणी पहाटे चारला. सर्वांच्या शेवटी अंथरूण घालणारी ती आणि सर्वांच्या आधी गुंडाळणारीही तीच. तिची निजण्याची जागा बहुधा चुलीजवळची, म्हणजे खोलीतली सर्वांत गरम. ज्या बायका खानावळ चालवीत, त्यांची तर तऱ्हाच वेगळी. तिन्ही पाळ्यांच्या माणसांचे डबे आणि ताटे वेळेवर झाली पाहिजेत. गिरणीला तीन पाळ्यांसाठी माणसांचे तीन संच लागत, खानावळीला एकच बाई पुरे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते या बायकांना कर्ज आणि पत मिळवून देण्यासाठी. आमच्या चळवळीने या बायकांच्या तासांची मागणी कधी वेशीवर टांगली नाही, कारण त्या कोणाच्या नोकरीत नव्हत्या. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला, तेव्हा हजारो घरे त्यांच्याच जागरणावर तगली.

आता थोडे शरीराविषयी. आम्ही शाळेत फार गेलो नाही. जे वाचले ते कामासाठी वाचले. माणसाच्या शरीरात एक घड्याळ आहे आणि ते उजेडावर चालते. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते ते दाखविणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अंधार पडला की शरीर निवू लागते आणि झोप येते. उजाडले की ते तापू लागते आणि जाग येते. रात्रपाळीचा माणूस सकाळी आठला अंथरुणावर पडतो, तेव्हा तो या घड्याळाच्या विरुद्ध पोहत असतो. म्हणून त्याची दिवसाची झोप तोकडी असते, तुटक असते. तो आळशी म्हणून दिवसा लोळतो असे शेजारी म्हणतात. त्यांना सांगा, तो लोळत नाही, झोप येण्याची वाट पाहतो आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली, आणि पुन्हा २०१९ साली, रात्रपाळीचे काम कर्करोगाला बहुधा कारण होणाऱ्या गोष्टींच्या वर्गात घातले. भीती घालण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. रात्रपाळीचा भत्ता मागताना समोरचा विचारतो, "रात्री काम करायला वेगळे काय लागते?" त्याला उत्तर हवे म्हणून सांगतो.

एका कारखान्यातली हकिगत सांगतो. नाव घेत नाही. पहाटे चारच्या सुमारास एका तरुण कामगाराची दोन बोटे प्रेसमध्ये गेली. चौकशी झाली. यंत्राला जाळी होती का, होती. शिक्षण दिले होते का, दिले होते. दारू प्यायला होता का, नव्हता. निष्कर्ष: कामगाराचा निष्काळजीपणा. आम्ही त्याच्या खोलीवर गेलो. पत्र्याची खोली, मे महिना, चौघे भाडेकरू, शेजारी वेल्डिंगचे दुकान. त्या आठवड्यात तो दिवसातून तीन तास झोपला होता, तेही तुकड्यातुकड्याने. शिवाय त्या कारखान्यात पाळी दर तीन दिवसांनी बदले आणि तीही उलट्या क्रमाने, म्हणजे रात्रीनंतर दुसरी, दुसरीनंतर पहिली. दुसऱ्या पाळीतून रात्री साडेअकराला सुटलेला माणूस सकाळी सातला पुन्हा फाटकावर. मध्ये साडेसात तास. त्यातच बसची वाट, जेवण, आंघोळ आणि झोप. अपघाताच्या छापील फॉर्ममध्ये वयाचा रकाना आहे, पगाराचा आहे, यंत्राच्या नंबराचा आहे. शेवटचे कधी झोपला होता, हा रकाना नाही.

वाटाघाटीला बसलो तेव्हा आम्ही पैशाची मागणी मागे ठेवली आणि पाळीचा क्रम फिरवा असे सांगितले. पहिलीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी. अशा क्रमाने गेले की प्रत्येक बदलाला मध्ये चोवीस तास मिळतात आणि शरीरालाही उशिरा निजणे हे लवकर निजण्यापेक्षा सोपे जाते. कारखानदाराला यात एक पैसा खर्च नव्हता. तरी तीन बैठका लागल्या, कारण तक्ता बदलायचा अधिकार कोणाचा यावर त्यांचे अडले होते. शेवटी झाले. कामगारांनी पहिल्या महिन्यात आम्हांला शिव्या दिल्या, कारण त्यांच्या ठरलेल्या सुट्ट्या हलल्या. दुसऱ्या महिन्यात शिव्या थांबल्या.

खोलीचे काय करता येते ते आता सांगतो. हे आम्ही माणसांच्या घरी बसून गोळा केलेले आहे.

अंधार आधी. दिवसा निजणाऱ्याने पडद्यावर पैसे खर्च करू नयेत. जुनी घोंगडी किंवा दुहेरी चादर तारेवर ओवून खिडकीच्या चौकटीपेक्षा वीतभर मोठी टांगावी. उजेड येतो तो कडांनी. तेही जमत नसेल तर काळ्या सुती कापडाची चार पदरी पट्टी डोळ्यांवर बांधावी. रात्रपाळीहून परत येताना सकाळच्या उन्हात काळा चष्मा घालावा. लोक नट म्हणतील, म्हणू द्या.

मग उकाडा. पत्र्याच्या छपराला वरून चुन्याचा पांढरा हात दिला तर ऊन परतते आणि खोली निवते. दरवर्षी उन्हाळ्याआधी तो नव्याने द्यावा लागतो. आतून गोणपाट ताणून पत्रा आणि खोली यांत हवेची फट ठेवावी. खोलीत एकच खिडकी असेल तर दारावर झडप काढून घ्यावी. गरम हवा वर जाते, तिला वरूनच वाट हवी. पोटमाळ्यावर दिवसा कोणालाही निजवू नये. पावसाळ्यात ठीक, मे महिन्यात ती भट्टी आहे. डासांसाठी मच्छरदाणी उत्तम. बंद खोलीत कॉइल पेटवून त्या धुरात आठ तास निजणे म्हणजे गिरणीची धूळ सुटली म्हणून घरी धूर विकत आणणे. ढेकणांना ऊन आणि उकळते पाणी. खाटेच्या सांध्यांत ओतावे आणि गोधड्या कडक उन्हात दिवसभर उलटसुलट कराव्यात.

आवाज ही अवघड गोष्ट, कारण तो दुसऱ्याच्या हातात असतो. पंख्याची एकसारखी घरघर बरी, ती बाकीचे आवाज गिळते. झोप मोडते ती अचानक पडलेल्या भांड्याने, कुकरच्या शिट्टीने, दारावरच्या थापेने. मोरीत गोणपाट घातले की भांडे वाजत नाही. कुकर निजणाऱ्याच्या आधी किंवा नंतर लावावा. थापेसाठी आमच्या युनियनने जाड पुठ्ठ्याच्या पाट्या छापल्या होत्या: 'रात्रपाळीचा कामगार झोपला आहे.' दारावर टांगायच्या. आधी लोक हसले, मग पोरे क्रिकेट घेऊन दुसऱ्या टोकाला जाऊ लागली. पोस्टमन दार न वाजवता पत्र खालून सरकवू लागला. एका गृहस्थाने तर पाटी चोवीस तास टांगलेली ठेवली; चौकशीअंती कळले, तो सावकारापासून लपत होता. पाटीचे यश त्याहून मोठे काय असावे?

कायद्याची येथे गंमत आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आणि रात्र म्हणजे दहा ते सहा अशी व्याख्या केली. रात्रपाळीवाल्याची रात्र सकाळी आठला सुरू होते. तिची नोंद कोणत्याही नियमात नाही.

मात्र न्यायालयांनी झोपेला ओळखले आहे. दिल्लीच्या रामलीला मैदानावर जून २०११ मध्ये झोपलेल्या जमावावर पोलिसांनी मध्यरात्री कारवाई केली. त्या प्रकरणी २०१२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, त्यात झोप हा माणसाचा मूलभूत हक्क आहे असे म्हटले गेले. २०२४ च्या एप्रिलात मुंबई उच्च न्यायालयाने एका वृद्ध इसमाला रात्रभर जाबजबाबासाठी जागे ठेवल्याबद्दल तपास यंत्रणेला सुनावले आणि झोपेचा हक्क हिरावून घेता येत नाही असे सांगितले. आमचा प्रश्न साधा आहे. अधिकाऱ्याने एक रात्र जागविले तर हक्काचा भंग होतो. मालकाने वर्षानुवर्षे जागविले तर त्याला वेळापत्रक म्हणावे काय?

हा प्रश्न जुना झालेला नाही. गिरण्यांचे भोंगे गेले, पण चाकण, भोसरी, वाळूज येथे जा. 'कॉट बेसिस'वर खोल्या मिळतात. भाडे खोलीचे नाही, खाटेचे. आणि कोठे कोठे एका खाटेवर पाळीने दोघे. बारा तासांची ड्यूटी करणारा पहारेकरी खाटेवरून उठतो आणि दुसरा त्याच उबेवर पडतो. घरपोच माल देणाऱ्या पोराच्या उशाशी मोबाइल असतो, तोच त्याचा भोंगा, आणि तो केव्हाही वाजतो. अशा वेळी, २०२५ च्या सप्टेंबरात, राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील रोजचे तास नऊवरून बारापर्यंत नेण्यास आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्यास मंजुरी दिली. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला नव्या श्रमसंहिता अमलात आल्या. स्त्रियांनाही त्यांच्या संमतीने रात्रपाळी आली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, असे आम्हांला सांगण्यात येते. आहेत, खरे. पण झोप आठवड्याच्या हिशेबाने साठवून ठेवता येत नाही. सोमवारची झोप शनिवारी देतो म्हणणाऱ्याने सोमवारचे जेवणही शनिवारी करून पाहावे. संमतीचेही तसेच. ज्या बाईला पहाटे चारला पाणी भरायचे आहे, तिच्या संमतीचा कागद सही करण्यापूर्वी तिच्या घरी जाऊन वाचला पाहिजे.

वेळ होत आली आहे. एक गोष्ट राहिली, ती वरळीच्या मंडळींसाठी. २०२५ च्या ऑगस्टात तेथील बीडीडी चाळीच्या पहिल्या काही कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाचीही पाळी येईल. शंभर वर्षांनी घरात निजण्याची वेगळी खोली आली. तिच्यात पहिल्याच महिन्यात हप्त्यावर भिंतभर कपाट आणि खोलीएवढा पलंग आणू नका. आधी चार दिवस नुसते अंथरूण टाकून निजा. सकाळचे ऊन कोठून येते, लिफ्टचा आवाज कोणत्या भिंतीतून येतो, वारा कोणत्या खिडकीने शिरतो ते पाहा आणि मग खाटेची जागा ठरवा. आणि त्या खोलीत पहिली झोप कोणी घ्यायची ते घरातल्या बाईला विचारून ठरवा. नळाला पाणी आता चोवीस तास नसले तरी पहाटे चारला उठण्याची गरज बहुधा राहिलेली नाही.